आखूड नळी आणि पहिला आडपडदा
धातूंचे आयुष्य : लेखांक नववा

डिझेल इंजिनाच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीवर स्टेलाइटचा थर का चढवावा लागतो, याचे विवेचन मागील लेखांकात आपण केले. तप्त वायू, त्याबरोबर वाहणारे कण आणि क्षणाक्षणाला बदलणारे तापमान या तिहींच्या माऱ्याखाली धातू कसा झिजतो, हा त्या विवेचनाचा गाभा होता. याच प्रश्नाचे सर्वांत उग्र रूप पाहावयाचे असेल, तर आखूड नळीच्या रायफलीच्या अथवा कार्बाइनीच्या तोंडाशी बसविलेल्या ध्वनिशामकाकडे, म्हणजे व्यवहारात ज्यास सप्रेसर किंवा सायलेन्सर म्हणतात त्या जिनसेकडे, वळावे लागते. हा विषय भोसरीच्या वाचकास परका वाटण्याचे कारण नाही. ज्या औद्योगिक पट्ट्यात आपण राहतो त्याच्या एका अंगाला खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे, दुसऱ्या अंगाला देहूरोडची आयुधनिर्माणी आहे, आणि पाषाणला एआरडीई ही १९५८ मध्ये स्थापन झालेली शस्त्रास्त्र संशोधन संस्था आहे. याच संस्थेने सिद्ध केलेल्या ५.५६ × ३० मिमी काडतुसाच्या कार्बाइनीने डिसेंबर २०२० मध्ये लष्करी चाचण्यांचा अंतिम टप्पा पार केला. तिची घडण कानपूरची आणि तिचे काडतूस खडकीचे, असा तिचा संसार आहे.

इंजिनाचा सायलेन्सर आणि बंदुकीचा सायलेन्सर यांचे नाते केवळ तात्त्विक नव्हे, ते ऐतिहासिकही आहे. यंत्रतोफेचा जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम याचा पुत्र हायरम पर्सी मॅक्सिम हा स्वतः मोटारींच्या धंद्यातला अभियंता होता. त्याने १९०९ मध्ये बंदुकीच्या ध्वनिशामकाचे पेटंट घेतले, आणि त्याच्याच कंपनीने पुढे इंजिने व कॉम्प्रेसर यांचे औद्योगिक सायलेन्सर बनविण्याचा व्यवसाय केला. दोहोंचे कार्य एकच आहे : कोंडलेला तप्त वायू एकदम मोकळ्या हवेत न सोडता त्याला कप्प्याकप्प्यांतून फिरवावे, त्याचा दाब व उष्णता पायरीपायरीने उतरू द्यावी, आणि मगच त्याला बाहेरची वाट मोकळी करून द्यावी. फरक आहे तो तीव्रतेचा. इंजिनाच्या सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या वायूचा दाब वातावरणाच्या काही पटच असतो. रायफलीच्या तोंडाशी तो काही शेकडा पट असतो, आणि तोही सेकंदाच्या काही सहस्रांश भागापुरता.

हा दाब नळीच्या लांबीवर कसा अवलंबून असतो, हे एका ढोबळ हिशेबाने स्पष्ट होईल. इन्सास रायफलीची नळी ४६४ मिमी लांब आहे. काडतुसाच्या कोशातील जागा आणि गोळी धावते ती पोकळी मिळून वायूला प्रसरण पावण्यास सुमारे १२ घनसेंटिमीटर अवकाश मिळतो. तेच काडतूस २५० मिमी नळीतून उडविले, तर हा अवकाश जेमतेम ७ घनसेंटिमीटर उरतो. बारूद तितकीच, उष्णता जवळजवळ तितकीच, पण पसरावयास जागा मात्र निम्म्याहून थोडी अधिक. सबब गोळी तोंडातून सुटते त्या क्षणी मागे कोंडलेल्या वायूचा दाब लांब नळीच्या मानाने सुमारे दुप्पट असतो. त्यात आणखी एक गोष्ट मिळते. लांब नळीसाठी योजलेली बारूद आखूड नळीत पुरती जळून संपत नाही. न जळलेले आणि अर्धवट जळते कण वायूच्या लोंढ्याबरोबर बाहेर फेकले जातात, आणि ध्वनिशामक जोडलेला असेल तर ते सरळ त्याच्या पहिल्या आडपडद्यावर जाऊन आदळतात. लांब नळी जे काम स्वतःच्या पोटात उरकते, ते आखूड नळी बाहेरच्या डब्यावर ढकलते, आणि त्या डब्यातही सर्वांत मोठा वाटा त्या एकट्या पहिल्या आडपडद्याच्या, कारागीर ज्यास पहिला बॅफल म्हणतात त्याच्या, माथी येतो.

आपल्या भोसरीच्या शेडमध्ये शॉट ब्लास्टिंगच्या यंत्रापुढे ज्याने काम केले आहे, त्याला या बॅफलच्या छिद्राची कड कशी झिजत असेल हे वेगळे सांगावे लागणार नाही. मात्र इथे ब्लास्टिंगचे कण हजार अंशांहून अधिक तापलेल्या वायूत तरंगत येतात, आणि ज्या धातूवर ते आदळतात तो धातूही त्या वेळी लालबुंद होण्याच्या मार्गावर असू शकतो. छिद्राची कड गोलाकार होत जाते, मग तिला बारीक खाचा पडतात, मग त्या खाचांतून वायू वाकडा निघू लागतो. आवाज थोडा वाढतो; पण तो इतक्या सावकाश वाढतो की वापरणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. माझ्या मते ध्वनिशामकाचे सर्वांत धोकादायक अपयश हेच होय. डबा फुटला तर तो कोणाच्याही दृष्टीस पडतो. कड झिजली तर ते जवानाच्या कानाला कळते, आणि तेही पुष्कळ उशिरा.

आता उष्णतेकडे वळू. ५.५६ मिमी काडतुसातील दीड-पावणेदोन ग्रॅम बारूद जळून सुमारे सहा किलोजूल ऊर्जा निघते आणि गोळी तिच्यातील एक तृतीयांशाहूनही कमी घेऊन जाते. उरलेली नळीत, वायूत व ध्वनिशामकात विभागली जाते. प्रत्येक गोळीमागे एक किलोजूल उष्णता ध्वनिशामकात मुरते असे गृहीत धरले, आणि त्याचे वजन ४०० ग्रॅम पोलाद मानले, तर तीस गोळ्यांचे एक मॅगझिन सलग झाडल्यावर त्याचे तापमान सुमारे १५० अंश सेल्सिअसने वाढेल. मध्ये उसंत न देता चार मॅगझिने झाडली, तर हवेत जाणारी उष्णता वजा करूनही ते पाचशे अंशांच्या घरात पोचते. आता हा आकडा आपल्या हीट ट्रीटमेंटच्या कारागिरांनी ध्यानात घ्यावा : १७-४ पीएच हे स्टेनलेस पोलाद त्याच्या सर्वाधिक कठीण अवस्थेसाठी ४८२ अंशांवर एजिंग करतात. म्हणजे भट्टीत आपण जे तापमान घासूनपुसून राखले, त्याहून अधिक तापमान रणांगणावरच त्या तुकड्याला पुनःपुन्हा मिळत राहिले, तर त्याचे कठिणत्व उतरणारच. आणि एकदा उतरलेले ते थंड झाल्यावर परत येत नाही.

म्हणूनच आखूड नळीच्या शस्त्रांसाठी पहिला बॅफल बहुधा इन्कोनेल ७१८ या निकेल मिश्रधातूचा किंवा स्टेलाइटचा ठेवतात. इन्कोनेल ७१८ सुमारे ६५० अंशांपर्यंत आपले बळ टिकवून धरतो. जेट इंजिनाच्या चकत्यांत तो ज्या गुणासाठी घेतला जातो, त्याच गुणासाठी इथेही. हैदराबादची मिश्र धातु निगम ही सरकारी कंपनी हा धातू देशातच तयार करते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्याचे मशीनिंग करणाऱ्याची कैफियतही ऐकली पाहिजे : हा धातू कापताना स्वतःच कठीण होत जातो, कार्बाइड इन्सर्टची धार थोड्या वेळात जाते, आणि साध्या पोलादाला सहज चालणारा वेग इथे पाचव्या हिश्शावर आणावा लागतो. जॉबची किंमत वाढते ती येथेच. विक्रेत्याने हलका माल पुढे केला म्हणून खरेदी करणाऱ्याने टायटॅनियमचा आग्रह धरू नये. टायटॅनियम वजनाला उत्तम, गंजास उत्तम. परंतु चारशे अंशांपुढे त्याचे बळ झपाट्याने ओसरते, आणि आखूड नळीतून येणाऱ्या जळत्या कणांच्या माऱ्याखाली तो पांढऱ्या ठिणग्या उडवीत अक्षरशः जळू लागतो. एकेक गोळी सावकाश झाडणाऱ्या नेमबाजाच्या लांब रायफलीवर तो शोभतो. कार्बाइनीवर तो शोभत नाही.

वेल्डाच्या सांध्यांविषयी थोडेच सांगतो, कारण त्याची चर्चा चौथ्या लेखांकात झाली आहे. गरम आणि थंड होण्याच्या फेऱ्यांनी सांध्यालगत बारीक भेगा जन्मतात. तापलेला ध्वनिशामक पाण्यात बुडवून थंड करण्याची जी अविचारी वहिवाट क्वचित आढळते, ती या भेगांची जननी होय. आणि नळीच्या अक्षापासून ध्वनिशामकाचा अक्ष किंचितही ढळला, तर गोळीच बॅफलला शिवून जाते. मग आयुष्याची चर्चाच संपते.

आयुष्य आणि उष्णता यांचा हा व्यवहार आपल्या देशाच्या शस्त्रांत पूर्वीही ओळखलेला होता. स्टर्लिंग कार्बाइनीची ध्वनिशामक आवृत्ती, जी आपल्याकडे २ए१ या नावाने सैन्यात होती, तिच्या मूळ ब्रिटिश नमुन्यात नळीलाच ७२ छिद्रे पाडलेली असत. त्यांतून वायू वाटेतच बाहेर काढून ९ मिमी गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाखाली आणला जाई, आणि बाहेर काढलेल्या वायूची उष्णता नळीभोवतीच्या जाळीत जिरविली जाई. याच कारणाने ते शस्त्र सर्वसाधारणपणे एकेक गोळीने वापरावयाचे, सतत फैरी केवळ निकडीच्या प्रसंगी, असा दंडक होता. आज मात्र शस्त्रांची वाटचाल उलट दिशेने आहे. अमेरिकी लष्कराने २०२२ मध्ये निवडलेल्या ६.८ मिमी रायफलीची नळी १३ इंचांची, म्हणजे सुमारे ३३० मिमी, असून ध्वनिशामक हा तिचा नेहमीचा घटक आहे. आणि तिच्या काडतुसाचा दाब सुमारे ५,५०० बारपर्यंत जातो. आपल्याकडेही एआरडीईच्या आराखड्याची, पुण्याच्या भारत फोर्जने बनविलेली ५.५६ × ४५ मिमी कार्बाइन सैन्याच्या सव्वाचार लाख कार्बाइनींच्या खरेदीत २०२५ मध्ये अग्रभागी आली. आखूड नळीचे युग सुरू झाले आहे, आणि त्याबरोबर ध्वनिशामकाच्या टिकाऊपणाचा प्रश्नही आपल्या दारी येणार आहे.

या बाबतीत जो घोळ मी वारंवार पाहतो, तो आकड्यांचा आहे. अमुक ध्वनिशामक तीस हजार गोळ्या टिकतो, असे जाहिरातीत छापलेले असते; परंतु त्या गोळ्या कोणत्या लांबीच्या नळीतून, कोणत्या गतीने, मध्ये किती विश्रांती देऊन झाडल्या, याचा उल्लेख नसतो. लांब नळीतून, एकेक गोळीने झाडलेल्या तीस हजारांची आखूड नळीतून फैरींनी झाडलेल्या पाच हजारांशी तुलनाच होऊ शकत नाही. नळीची लांबी, फैरींचा क्रम आणि तापमानाची नोंद हे तीन तपशील नसलेला आयुष्याचा आकडा हा माझ्या मते आकडाच नव्हे, आणि कोणत्याही खरेदी दप्तराने तो स्वीकारू नये. जिथे जवानाच्या कानाचा प्रश्न आहे तिथे अशी ढिलाई अक्षम्य आहे : ५.५६ मिमी रायफलीचा स्फोट १६० डेसिबलच्या आसपास असतो, आणि १४० डेसिबलच्या वरचा क्षणिक आवाज कानाला कायमची इजा करू शकतो. हे वीसेक डेसिबलचे अंतर झिजलेल्या बॅफलमधून हळूहळू निसटते.

एक सूचना मात्र आवश्यक आहे. आवाज वा ज्वाला कमी करणारी उपकरणे भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील नियमांनुसार निषिद्ध वर्गात मोडतात. सरकारी परवान्याखेरीज त्यांची घडण, बाळगणूक वा विक्री हा गुन्हा आहे. खासगी माणसाची अशी ऑर्डर घेऊन आलेला कोणीही, त्याने नमुना दाखविला तरी, परत पाठवावा.

परवानाप्राप्त मोठ्या कारखान्यांची उपकंत्राटे घेणाऱ्या भोसरी, चाकण आणि तळवडे येथील धंदेवाल्या मित्रांस माझी एवढीच विनंती आहे, की उष्ण भागाच्या प्रत्येक जॉबबरोबर त्याच्या हीट ट्रीटमेंटचा तक्ता, वापरलेल्या धातूचा दाखला आणि कठिणत्वाच्या मापांची वही जपून ठेवावी, आणि आयुष्याची हमी मागितली गेली की प्रथम नळीची लांबी विचारावी. पुढील लेखांकात याच दृष्टीने टर्बोचार्जरच्या चक्राचा विचार करू.