राजे आणि म्हशी

२०२५च्या फेब्रुवारीत ‘छावा’ चित्रपट आला आणि ती कादंबरी लिहिणाऱ्या शिवाजी सावंतांचं नाव कोल्हापुरात पुन्हा ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. आमच्या गल्लीतल्या गॅरेजमधला पोरगा एके दिवशी दारात उभा. “काका, छावाचं पुस्तक हाय काय तुमच्याकडं?” होतं, दिलं. ते अजून परत आलेलं नाही. वाचणं चाललं असेल किंवा त्यावर चहाचा कप ठेवला जात असेल. कपाटात त्या जागी खिंडार पडलं आणि शेजारचं ‘मृत्युंजय’ हातात आलं. तिथून वर्षभराच्या वाचनाला वळण मिळालं. यंदा आपल्याच मुलखातल्या माणसांनी लिहिलेलं वाचायचं, जुनं असो वा नवं.

सावंत आजऱ्याचे, इथंच कोल्हापुरात मास्तरकी केलेले. रणजित देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. खांडेकर जन्मानं सांगलीचे, पण १९३८पासून पुरते कोल्हापूरकर. खांडेकरांचं ‘ययाति’ १९५९, देसायांचं ‘स्वामी’ १९६२, सावंतांचं ‘मृत्युंजय’ १९६७. आठ वर्षांच्या आत या तिघांनी महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांचं पुस्तकांचं कपाट भरून टाकलं. एकात हस्तिनापूरचा राजा, दुसऱ्यात पेशवा, तिसऱ्यात अंगदेशाचा राजा. आमच्या पिढीनं मराठी कादंबरी म्हणजे काय ते या तिघांकडून शिकून घेतलं, आणि त्यामुळं बरीच वर्षं कादंबरीत मुकुट नसला की ती आम्हाला अपुरी वाटायची.

कॉलेजात असताना ‘मृत्युंजय’नं झोप उडवली होती. या खेपेला कर्णानंच मला दमवलं. आपल्या तेजाबद्दल, आपल्या दु:खाबद्दल हा माणूस किती बोलतो! कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण असे सहा जण आपापली बाजू सांगतात, पण सहाही जण एकाच घडणीचं, दागिन्यांनी मढवलेलं मराठी बोलतात. आजऱ्याच्या बाजारात घनसाळ तांदळाचा भाव करणाऱ्या माणसाच्या तोंडचा एक शब्द यात सापडत नाही. तरी पुस्तक खाली ठेवलं नाही ते शोणामुळं. सारथ्याचा धाकटा मुलगा, ना कवच ना कुंडलं, कुठला देव त्याचा बाप नाही. थोरल्या भावाकडं मान वर करून बघत राहणं एवढंच त्याच्या वाट्याला आलेलं. विशीत मी त्याची पानं भराभर उलटली होती. आता तीच पुन्हा पुन्हा वाचली.

कर्णाच्या बोलण्यावर उतारा म्हणून कन्नड कादंबरीकार भैरप्पांचं ‘पर्व’ घेतलं, उमा कुलकर्णींच्या मराठीत. मुलखाचा नियम लगेच मोडला, पण कर्नाटक आमच्या परसदारी आहे, ते चालतं. भैरप्पांनी महाभारतातले चमत्कार साफ काढून टाकलेत. माणसं पिकलेली, थकलेली, जुन्या हिशेबांनी वाकलेली. युद्ध म्हणजे लाखो माणसांचं खाणंपिणं, हागणदारी आणि न उचललेल्या प्रेतांची दुर्गंधी. वाचताना जेवण जात नाही. पण ‘मृत्युंजय’नंतर लगेच वाचलं तर अवजड दागिने उतरवल्यागत मान मोकळी होते.

‘ययाति’ मुद्दाम करवीर नगर वाचन मंदिरातून आणलं. १८५० सालची ही संस्था, भवानी मंडपाच्या जवळ. तिथल्या जुन्या प्रतीची मजा अशी, की आपण एकटे वाचत नाही. माझ्या हाती आलेल्या प्रतीत शिसपेन्सिल, निळी शाई, लाल बॉलपेन अशा तीन हातांच्या अधोरेखा होत्या. जिथं खांडेकर जीवनाविषयी, प्रेमाविषयी, सुखाविषयी काही सुभाषितवजा बोलतात, तिथं तिन्ही रेघा एकावर एक. कुणी तरी त्या ओळी वहीत उतरवून घेतल्या असणार, कुणी पत्रात घातल्या असणार. मला मात्र रेघा नसलेली पानं आवडली. दासीची मुलगी अलका थोड्याच पानांत येते आणि राजवाड्याच्या राजकारणात तिचा जीव जातो. तिच्याभोवती कुणी सुविचार गुंफलेले नाहीत, म्हणून ती अजून जिवंत वाटते. ययातिच्या राणीवर, देवयानीवर खांडेकरांनी अन्याय केलाय हे माझं जुनं मत या वाचनात आणखी पक्कं झालं. त्याच्या प्रेयसीला, शर्मिष्ठेला सगळी माया दिली आणि हिच्या वाट्याला नुसता अहंकार. बायकोचं म्हणणं, “फसवली गेलेली बाई चिडली तर ती अहंकारी होय?” ययातिकडं या प्रश्नाचं उत्तर नाही, माझ्याकडंही नव्हतं.

या वर्षातला खरा आनंद दिला तो ‘बारी’नं. रणजित देसाई म्हटलं की आपण ‘स्वामी’ आणि ‘श्रीमान योगी’ म्हणून मोकळे होतो. पण ‘स्वामी’च्या आधी त्यांनी बेळगावच्या वाटेवरच्या रानातल्या बेरडांवर ही छोटी कादंबरी लिहिली होती. घाटवाट, झाडी, रस्त्यावर गुजराण करणारी माणसं आणि त्यांच्या पायाखालून सरकत जाणारा काळ. पुढं शनिवारवाड्यात रमलेला हाच लेखक इथं रानात किती मोकळा वावरतो! ‘स्वामी’ला १९६४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, वाचकांनी डोक्यावर घेतलं, आणि ‘बारी’चे देसाई मागं राहिले. वाचकांनी लेखकाला राजवाड्यात नेऊन बसवलं आणि बाहेरून कडी घातली, असं मला वाटतं.

ही कडी काढली ती कागलच्या आनंद यादवांनी. त्यांची आत्मचरित्रात्मक कादंबरी ‘झोंबी’ १९८७ची. मी ती उशिरा वाचली, कारण ‘शेतकऱ्याच्या पोराची शिकण्याची धडपड’ हे वर्णन ऐकून वाटायचं, पुढचं आपल्याला ठाऊकच आहे. ठाऊक नव्हतं. बापाचा आळस एवढा बारकाईनं मराठीत दुसऱ्या कुणी लिहिल्याचं मला आठवत नाही. बाप गुऱ्हाळ सगळ्यांच्या आधी लावतो. का, तर बाजारात गूळ लवकर गेला की भाव चांगला येतो. इथपर्यंत हुशारी. मग शेताचं सगळं काम पोराच्या गळ्यात घालून स्वत: गावभर हिंडायला मोकळा. ज्यानं गुऱ्हाळघराच्या चुलवाणापाशी दोन रात्री काढल्यात त्याला हा हिशेब ओळखीचा वाटेल. माय-लेक गावातल्या वजनदार दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावर जाऊन गाऱ्हाणं घालतात आणि बापाला आतली गोष्ट कळू न देता पोराची शाळा सुरू होते, तो सगळा प्रसंग एखाद्या चोख वगासारखा रंगलाय.

आणि ते म्हशीचं. सौंदलगेकर मास्तर वर्गात कविता गाऊन शिकवतात, पोराला त्याचा नाद लागतो. रानात गुरं राखताना ओळी सुचतात, जवळ कागद-पेन्सिल नाही. मग तो काटकीनं म्हशीच्या पाठीवर ओळ लिहितो, नाही तर खडा घेऊन दगडावर. पाठ झाली की पुसून टाकायची. म्हशीच्या धुळकट पाठीवर काटकी ओढली तर रेघ कशी पांढुरकी उमटते, हे ज्यानं पाहिलंय त्याला यात काव्य वगैरे काही दिसत नाही, नुसती सोय दिसते. यादवांनीही ते तितक्याच सरळपणे सांगितलंय. ‘झोंबी’ला १९९०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सावंतांच्या कर्णाला आयुष्यभर जे सांगायचं होतं, कुळावरून माणूस मोजू नका, ते या पोरानं न बोलता करून दाखवलं, असं वाचताना सारखं वाटत राहिलं.

म्हैस पुढंही सुटली नाही. पन्हाळा तालुक्यातल्या कृष्णात खोतांचं ‘रिंगाण’, २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार. धरणामुळं गाव उठलं, माणसं नव्या वसाहतीत आली, गुरं मागं राहिली. देवाप्पा आपली म्हैस आणायला परत जातो. ती तोवर रानाची झालेली आहे, दाव्याची ओळख विसरलेली. गोष्ट एवढीच, पण माणूस आणि जनावर एकमेकांभोवती फिरत राहतात तसे आपणही फिरतो. कुठं कुठं वाक्यं इतकी तुटक येतात की मी दोनदा पुस्तक मिटलं. तरी पुन्हा उघडलं, कारण तिला आणायला गेलेला आणि न येणारी ती, या दोघांपैकी विस्थापित नक्की कोण, हे ठरत नव्हतं. याच विषयावरचं विश्वास पाटलांचं ‘झाडाझडती’ १९९१चं. त्यात मोजणी, नोटिसा, मोबदला, कचेऱ्या सगळं भरघोस आहे, सरकारी यंत्रणा आतून पाहिलेल्या माणसाचं. माहितीला ‘झाडाझडती’ वाचावं. म्हशीसाठी ‘रिंगाण’. राधानगरी, काळम्मावाडी, चांदोली ही नावं आमच्याकडं लोक पावसाळ्यात पाण्याची पातळी विचारण्यापुरती घेतात. या दोन पुस्तकांनंतर पातळीचा आकडा नुसता आकडा राहिला नाही.

पुढचं ठरलंय, निदान कागदावर. खोतांचं ‘रौंदाळा’ आधी, कारण गावच्या निवडणुकीचं राजकारण वाचायला मला कधीही आवडतं. मग निपाणीचे महादेव मोरे. पिठाची गिरणी चालवत आयुष्यभर लिहिणारा हा माणूस २०२४मध्ये गेला. गॅरेज, टॅक्सी, तंबाखूच्या वखारी हे त्यांचं जग, आणि मी त्यांच्या कथा सोडल्या तर कादंबऱ्यांना हात लावलेला नाही. गॅरेजवाल्या पोराला पुढचं पुस्तक त्यांचंच द्यायचा विचार आहे. राजन गवसांचं ‘तणकट’ही पुन्हा घेईन. गवस गडहिंग्लजकडचे, म्हणजे सावंतांच्या आजऱ्याचे शेजारी. दोघांत जेमतेम वीस वर्षांचं अंतर, पण मराठी दोन वेगळ्या खंडांतलं.

यादी टेबलावर पडलेली पाहून बायकोनं शेरा मारला, “सगळे बाप्येच!” मुद्दा बिनतोड होता. म्हणून सगळ्यांच्या वर कमल देसाई आल्या. त्या यमकनमर्डीच्या, त्याच बेळगावच्या रस्त्यावरच्या. ‘काळा सूर्य’ आणि ‘हॅट घालणारी बाई’ या दोन्ही छोट्या कादंबऱ्या एकत्र मिळतात. पुस्तक बायकोनं आधीच ताब्यात घेतलंय आणि तिचं वाचून झाल्याशिवाय मला मिळणार नाही, असं सांगण्यात आलं आहे. तोवर ‘रौंदाळा’.