सायप्रस : पर्यटकांचे बेट, दोन भागांचे

भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाला असलेल्या सायप्रसमध्ये पर्यटक जातात ते जुनी शहरे, समुद्रकिनारे आणि वाइन यांच्या ओढीने. मात्र निघण्यापूर्वी या बेटाच्या नकाशावरील एक रेषा समजून घेणे आवश्यक आहे. ग्रीसमधील लष्करी राजवटीच्या पाठिंब्याने १५ जुलै १९७४ रोजी येथे उठाव झाला आणि पाचच दिवसांत तुर्कस्तानचे सैन्य उत्तर किनाऱ्यावर उतरले. तेव्हापासून बेटाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग वेगळा पडला आहे. तेथील तुर्की समाजाने १९८३ मध्ये स्वतंत्र प्रजासत्ताक घोषित केले. तुर्कस्तानखेरीज कोणत्याही देशाने त्याला मान्यता दिलेली नाही.

राजधानी निकोसियात ही रेषा शहराच्या मधोमध जाते. सोळाव्या शतकात व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी तुर्कांच्या भीतीने शहराभोवती अकरा बुरुजांची वर्तुळाकार तटबंदी उभारली. तरीही १५७० मध्ये शहर पडले. ती देखणी तटबंदी आजही उभी आहे, फाळणी मात्र तिच्या आत झाली. लेड्रा या बाजाररस्त्यावरील नाका एप्रिल २००८ मध्ये खुला झाला. पासपोर्ट दाखवून काही पावले चालले, की युरो संपतो आणि लिरा सुरू होतो. मधल्या पट्ट्यावर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा पहारा असतो. भारताचे जनरल के. एस. थिमय्या याच सेनेचे प्रमुख होते. डिसेंबर १९६५ मध्ये त्यांचे सायप्रसमध्येच निधन झाले.

उत्तरेत जायचे ते फॅमागुस्टासाठी. येथील सेंट निकोलस या गॉथिक कॅथेड्रलची १५७१ मध्ये मशीद झाली. कमानी त्याच राहिल्या, मनोरा नवा आला. शहरालगतचे वरोशा हे एकेकाळचे गजबजलेले किनारी उपनगर. १९७४ मध्ये येथील ग्रीक रहिवासी घरेदारे सोडून पळाले आणि लष्कराने कुंपण घातले. ऑक्टोबर २०२० मध्ये किनाऱ्याचा काही भाग खुला करण्यात आला, तेव्हा सुरक्षा परिषदेने तो निर्णय मागे घेण्यास सांगितले. वाळू सुंदर आहे, पण पाठीशी ओसाड हॉटेले आहेत आणि त्यांचे मूळ मालक रेषेपलीकडे. तिथे ऊन खात पहुडावे का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

प्रवेश मात्र लार्नाका किंवा पाफोस विमानतळावरूनच करावा. उत्तरेतील एर्जान विमानतळावरून झालेला प्रवेश सायप्रस सरकार वैध मानत नाही.

पाफोसला उतरणाऱ्यांनी तेथील रोमन काळातील मोझेक चुकवू नयेत. त्यांपैकी एकात वाइन प्रथमच चाखून झिंगलेली माणसे चितारली आहेत! या बेटाची ख्यातनाम वाइन म्हणजे कमांदारिया. त्रूदोस पर्वताच्या दक्षिण उतारावरील चौदा गावांतच तिची द्राक्षे पिकतात. ती काही दिवस उन्हात सुकवली जातात, त्यामुळे रस दाट आणि गोड होतो. लिमासोलजवळ कोलोसी येथे ठाणे असलेल्या धर्मयोद्ध्यांच्या जहागिरीवरून तिला हे नाव पडले. ती जेवणासोबत नव्हे, तर जेवणानंतर लहान पेल्यातून घेतात.