कर्नाटक राज्योत्सव
कर्नाटक राज्योत्सव : कन्नड भाषकांचे विखुरलेले प्रदेश एका राज्यात आले, त्या घटनेच्या स्मरणार्थ दरवर्षी १ नोव्हेंबर रोजी साजरा होणारा उत्सव. कन्नडमध्ये यास ‘कन्नड राज्योत्सव’ असेही म्हणतात. हा दिवस राज्यात सार्वजनिक सुटीचा असतो.

टिपू सुलतानाच्या पाडावानंतर (१७९९) कन्नड मुलूख म्हैसूर संस्थान, मुंबई व मद्रास इलाखे, निजामाचे राज्य, कोडगू आणि काही लहान संस्थाने यांत विभागला गेला. मुंबई इलाख्यातील कन्नड जिल्ह्यांत शिक्षण व कचेऱ्या यांवर मराठीचा पगडा होता. त्यामुळे एकीकरणाची चळवळ म्हैसुरात नव्हे, तर धारवाडला मूळ धरून वाढली. तेथे १८९० मध्ये कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. चळवळीचे अध्वर्यू आलूर वेंकटराव (१८८०–१९६४) हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले असून टिळकांच्या गीतारहस्याचा कन्नड अनुवाद त्यांनीच केला. त्यांच्या कर्नाटक गतवैभव (१९१७) या ग्रंथाने विभागलेल्या समाजास समान इतिहासाची जाणीव करून दिली. १९२४ साली बेळगाव येथील काँग्रेस अधिवेशनाच्या वेळीच पहिली कर्नाटक एकीकरण परिषद भरली.

राज्य पुनर्रचना अधिनियमानुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातील विजापूर, धारवाड, उत्तर कानडा व (चंदगड तालुका वगळून) बेळगाव हे जिल्हे, हैदराबाद राज्यातील गुलबर्गा, रायचूर व बीदर यांचे कन्नड भाग, मद्रासमधील दक्षिण कानडा (कासरगोड वगळून) व कोळ्ळेगाल तालुका आणि कोडगू हे प्रदेश म्हैसूरला जोडले गेले. एस्. निजलिंगप्पा पहिले मुख्यमंत्री झाले. राज्याचे नाव मात्र ‘म्हैसूर’ असेच राहिले. ज्या उत्तरेने एकीकरणाचा ध्यास घेतला, तिला ते परकेच वाटे. उलट, जुन्या म्हैसूरकरांना वोडेयार राजवटीशी निगडित असलेले नाव सोडवत नव्हते. हा तिढा १७ वर्षांनी सुटला. देवराज अर्स मुख्यमंत्री असताना १ नोव्हेंबर १९७३ रोजी ‘कर्नाटक’ हे नाव अंमलात आले. साहजिकच या एकाच तारखेस दोन घटनांचे स्मरण होते.

उत्सवात ध्वजवंदन, संचलन आणि भुवनेश्वरी देवीच्या प्रतिमेची मिरवणूक यांस प्राधान्य असते. एरवी धर्मनिरपेक्ष असलेल्या या दिवसाची भुवनेश्वरी ही ‘नाडदेवी’ (भूमीची देवता) होय. पिवळा-तांबडा ध्वज सर्वत्र फडकतो, म. राममूर्ती यांनी १९६० च्या दशकात रूढ केलेल्या या ध्वजास कायद्याची मान्यता नसली, तरी लोकमान्यता पूर्ण आहे. कुवेंपूंच्या गीतास २००४ मध्ये राज्यगीताचा दर्जा मिळाला. विविध क्षेत्रांतील व्यक्तींना शासन राज्योत्सव पुरस्कार देते. गल्लोगल्लीच्या कन्नड संघांचे कार्यक्रम नोव्हेंबरभर चालतात. बंगलोरसह १२ शहरांची नावे २०१४ साली याच दिवशी कन्नड उच्चारानुसार बदलण्यात आली.

सीमाभागात या दिवसाचा अर्थ वेगळा आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी इ. ठिकाणचे मराठी भाषक १ नोव्हेंबर हा ‘काळा दिवस’ म्हणून पाळतात व काळ्या फिती लावून निषेध-फेऱ्या काढतात. महाजन आयोगाने (१९६७) बेळगाव म्हैसूरकडेच ठेवण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने ती स्वीकारली नाही आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. एकीकरण परिषद जेथे प्रथम भरली, त्याच शहरात एका दिवशी उत्सवाची मिरवणूक व निषेधाची फेरी निघते.