घर्षण

घर्षण म्हणजे एकमेकांना टेकलेल्या दोन पृष्ठभागांच्या परस्परांवरील सरकण्याला, किंवा सरकण्याच्या प्रवृत्तीला, विरोध करणारे बल होय. हे बल पृष्ठभागांना समांतर असते. घर्षण नेहमीच गतीच्या आड येते, ही समजूत बरोबर नाही. चालताना पाऊल जमिनीला मागे रेटते; त्याला मागे घसरू न देणारे घर्षणच शरीराला पुढे नेते.

कारणे व नियम

गुळगुळीत दिसणारा पृष्ठभागही सूक्ष्म पातळीवर उंचसखल असतो. त्यामुळे दोन पृष्ठभागांचा खरा स्पर्श मोजक्या उंचवट्यांच्या टोकांवरच होतो आणि तेथे रेणूंमधील आकर्षणामुळे ते एकमेकांना चिकटतात. भार वाढला की हे खरे स्पर्शक्षेत्र वाढते व घर्षणही वाढते.

कोरड्या पृष्ठभागांसाठी पुढील संबंध बऱ्याच अंशी लागू पडतो:

घर्षण बल = घर्षण गुणांक × अभिलंब बल

हे बल दृश्य स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते. लिओनार्दो दा विंची यांच्या टिपणवह्यांत हे निरीक्षण आढळते. फ्रेंच शास्त्रज्ञ गीयोम आमाँताँ यांनी १६९९ मध्ये हे नियम मांडले आणि पुढे कूलोम यांनी १७८५ मध्ये त्यांचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला.

प्रकार

स्थितिक घर्षण: वस्तू सरकण्यापूर्वी कार्य करणारे घर्षण. लावलेल्या बलाबरोबर ते एका कमाल मर्यादेपर्यंत वाढत जाते.

गतिक घर्षण: वस्तू सरकत असताना कार्य करणारे घर्षण. ते सहसा कमाल स्थितिक घर्षणापेक्षा कमी असते. म्हणून जड कपाट हलवायला जितका जोर लागतो, तितका ते सरकते ठेवायला लागत नाही.

लोटण घर्षण: चाक किंवा गोळी घरंगळताना होणारा विरोध. तो मुख्यतः चाकाच्या व जमिनीच्या दबण्यामुळे निर्माण होतो. मोटारीच्या टायरसाठी याचा गुणांक सुमारे ०.०१, तर रुळावरील पोलादी चाकासाठी ०.००१ ते ०.००२ असतो. टायरमधील हवा कमी झाली की तो अधिक दबतो आणि इंधन जास्त लागते.

द्रायू घर्षण: द्रव किंवा वायूतून जाणाऱ्या वस्तूला होणारा विरोध. तो वेगाबरोबर वाढतो. हवेचा विरोध नसता, तर १ किमी उंचीवरून पडणारा पावसाचा थेंब सुमारे १४० मीटर प्रति सेकंद वेगाने जमिनीवर आदळला असता. प्रत्यक्षात मोठ्या थेंबाचा वेगही सुमारे ९ मीटर प्रति सेकंदापर्यंतच मर्यादित राहतो.

वाहनांवरील परिणाम

फिरत्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. त्यामुळे ब्रेक लावल्यावर टायर व रस्ता यांच्यात स्थितिक घर्षण कार्य करते. चाक जाम झाले की टायर घसरू लागतो; पकड घटते आणि वाहन वळवणेही कठीण होते. अँटिलॉक ब्रेक यंत्रणा चाके जाम होऊ देत नाही.

ताशी ६० किमी वेगाच्या वाहनाला घर्षण गुणांक ०.७ असलेल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यानंतर थांबायला सुमारे २० मीटर अंतर लागते. ओल्या रस्त्यावर गुणांक ०.४ पर्यंत उतरल्यास तेच अंतर सुमारे ३५ मीटर होते. वेग दुप्पट केल्यास अंतर चौपट होते. चालकाला ब्रेक दाबेपर्यंत लागणाऱ्या वेळातील अंतर यात धरलेले नाही.

रेल्वेला कमी लोटण घर्षणाचा सपाटीवर मोठा लाभ होतो. परंतु पोलादी चाकाची पोलादी रुळावरील पकडही मर्यादित असते. भोर घाटातील १:३७ चढावर गाडीला मागे खेचणारे बल तिच्या वजनाच्या सुमारे २.७ टक्के, म्हणजे लोटण घर्षणाच्या दहापटीहून अधिक असते. म्हणून तेथे कर्जत ते लोणावळा दरम्यान जड गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात. चाके घसरू लागल्यास रुळांवर वाळू सोडण्याची सोयही इंजिनांत असते.

घर्षणाचे नियंत्रण

वंगणामुळे दोन पृष्ठभागांमध्ये तेलाचा थर तयार होऊन घन पृष्ठभागांचा थेट स्पर्श टळतो. बैलगाडीच्या आसाला वंगण घालण्याची पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. बॉल बेअरिंगमध्ये सरकण्याची जागा लोटण घेते. याउलट टायरवरील खाचा पाणी बाहेर सारून रस्त्यावरील पकड टिकवतात. त्या झिजलेला टायर पावसात धोकादायक ठरतो.