अस्तानात दावा कुठे लावायचा?

परदेशात पैसा घालणारा माणूस कर किती, मजुरी किती हे विचारतोच. पण मुरलेला असेल तर आधी विचारतो, भांडण झालं तर निवाडा कोण करणार? कझाकस्तानची अडचण नेमकी इथे होती. जगातलं सुमारे 40 टक्के युरेनियम या देशात निघतं, तेलही भरपूर आहे. पण न्यायालयं सोव्हिएत वळणाची, आणि बाहेरच्याला त्यांचा भरवसा नाही. अनातोल स्ताती या मोल्दोव्हाच्या तेल उद्योजकाने सरकारविरुद्ध थेट स्वीडनमध्ये लवाद मागितला. 2013 मध्ये लवादाने त्याला सुमारे 50 कोटी डॉलर मंजूर केले. वसुलीचे खटले मग कितीतरी वर्षं युरोप-अमेरिकेत चालले. एका टप्प्यावर कझाकस्तानच्या राष्ट्रीय निधीचे सुमारे 22 अब्ज डॉलर परदेशी बँकेत गोठून राहिले.

सगळी न्यायव्यवस्था बदलायची तर एक पिढी जाते. कझाकस्तानने दुबईकडे पाहून आडवाट काढली. राजधानी अस्तानाच्या एका कोपऱ्यात वेगळाच कायदा आणून बसवायचा! डिसेंबर 2015 मध्ये ‘अस्ताना आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्रा’चा कायदा झाला, 2017 मध्ये त्यासाठी राज्यघटनेत दुरुस्ती झाली, आणि त्याच वर्षीचं जागतिक प्रदर्शन आटोपल्यावर रिकाम्या झालेल्या इमारतींत केंद्राने बस्तान मांडलं. 1 जानेवारी 2018 पासून त्याचं न्यायालय सुरू झालं. भाषा इंग्रजी, दिवाणी आणि व्यापारी कायदा इंग्लंडच्या धर्तीचा, आणि पहिले मुख्य न्यायाधीश लॉर्ड वुल्फ, म्हणजे इंग्लंडचेच माजी सरन्यायाधीश. मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेल्या माणसाला शेजारच्या कझाक न्यायालयापेक्षा इथला युक्तिवाद जास्त ओळखीचा वाटेल. आपला 1872 चा करार कायदाही त्याच घराण्यातला.

आता इथे दावा चालतो कसा ते पाहू. केंद्रात नोंदलेल्या कंपन्यांची आपापसातली भांडणं इथे येतात, केंद्राच्या हद्दीतल्या व्यवहारांचीही येतात. पण खरी गोम तिसऱ्या वाटेत आहे. दोन्ही कंपन्या केंद्राबाहेरच्या असल्या, तरी वाद याच न्यायालयात न्यायचा असं त्यांनी लेखी ठरवलं की अधिकार त्याला मिळतो. म्हणून इथे सगळं करारातल्या त्या एका कलमावर अडतं, आणि ते लिहायचं सही करताना. पैसे अडकल्यावर समोरचा कशाला मान्य करेल? अपील केंद्राच्याच अपील न्यायालयात, तिथला निर्णय अंतिम. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याची सोय नाही.

निकालानंतर मात्र गाडी जुन्या रस्त्याला लागते. निकालाचं कझाक किंवा रशियन भाषांतर करायचं आणि देशातल्या इतर कुठल्याही निकालासारखी त्याची अंमलबजावणी करून घ्यायची. आपल्याकडे दिवाणी दावा जिंकलेल्याची खरी पायपीट दरखास्तीत, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीत होते, हे पक्षकारांना सांगायला नको. तेव्हा न्यायाधीश लंडनहून आणता आले तरी जप्ती करणारा हात स्थानिकच राहतो, एवढं गुंतवणूकदाराने धरून चालावं.

करसवलतीही आहेत. केंद्रातल्या ठरावीक वित्तीय सेवांना 2066 पर्यंत कंपनी-करातून सूट आहे. माझ्या मते हे दुय्यम. सूट कुठलाही देश देऊ शकतो. केंद्राच्या शेअर बाजारावर नोव्हेंबर 2018 मध्ये काझातोमप्रोम ही सरकारी युरेनियम कंपनी लंडनबरोबरच नोंदली गेली, त्याने बाजाराला वजन आलं. युक्रेन युद्धानंतर केंद्राला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं. रशियात आणि कझाकस्तानात सोन्याच्या खाणी असलेल्या पॉलिमेटल कंपनीने 2023 मध्ये आपली नोंदणी जर्सी बेटावरून इथे हलवली, आणि पुढच्या वर्षी रशियातला धंदा विकून टाकला.

गुन्हेगारी आणि प्रशासकीय प्रकरणं या न्यायालयाच्या कक्षेत नाहीत. म्हणजे कझाकस्तानातल्या कारागांडा शहरात कारखाना टाकला आणि स्थानिक कर खात्याची नोटीस आली, तर इंग्रजी कायद्याचा वकील काही कामाचा नाही. रशियन बोलणारा, तिथल्या नेहमीच्या न्यायालयात वावर असलेला वकीलच शोधावा लागतो.