नीलम घ्यायचा तर सुटा

साडेसाती सुरू झाली की पाटोद्याकडची माणसं राक्षसभुवनच्या शनीला जातात आणि कुणीतरी नीलमाची अंगठी सुचवतंच. बालाघाटाच्या काळ्या पाषाणात अकीक, गारगोट्या मिळतात, नीलम नाही. तो श्रीलंका, काश्मीर अशा लांबच्या खाणींतला. मुळात तो ॲल्युमिनियम ऑक्साइड. निळाई लोह आणि टायटॅनियमच्या अंशाची.

१९०२ मध्ये फ्रान्सच्या व्हर्नॉय यांनी ज्वालेत माणिक घडवण्याची रीत जाहीर केली, पुढे नीलमही तसाच घडू लागला. घटक तेच, म्हणून नुसती नजर फसते. कोंदणात पाठ झाकली जाते, तेव्हा खडा सुटाच तपासा. दहापट भिंगाखाली रंगाचे पट्टे सरळ, कोनात वळलेले असतील तर नैसर्गिक असण्याची खूण. ग्रामोफोनच्या तबकडीसारखे वक्र असतील तर तो ज्वालेतला. तापवून रंग खुलवलेला नीलम खराच, पण न तापवलेला कितीतरी महाग. प्रमाणपत्रावर हे लिहिलेलं मागाच. वजन रत्तीत नको, कॅरेटात घ्या: १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम.