सायंटिफिक कॅल्क्युलेटर निवडताना

ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने 1972 मध्ये आणलेल्या ‘एचपी-35’ या खिशात मावणाऱ्या यंत्राची किंमत 395 डॉलर होती आणि त्याने अभियंत्यांच्या हातातील स्लाइड रूल काही वर्षांतच हद्दपार केला. त्यातील त्रिकोणमिती, लॉगॅरिथम आणि घातांकांची सोय आज अगदी स्वस्त यंत्रातही असते. त्यामुळे ‘यात फंक्शन्स किती?’ हा दुकानात हमखास विचारला जाणारा प्रश्न निवडीसाठी फारसा उपयोगाचा राहिलेला नाही.

पहिली चाळणी परीक्षेच्या नियमांची. अनेक विद्यापीठे केवळ नॉन-प्रोग्रॅमेबल, म्हणजे आज्ञांची मालिका साठवून पुन्हा चालवू न शकणारी यंत्रे चालवून घेतात, तर ‘गेट’ परीक्षेत स्वतःचे यंत्र नेताच येत नाही आणि संगणकाच्या पडद्यावरील आभासी कॅल्क्युलेटरवरच भागवावे लागते.

खरा फरक विषयानुसार पडतो. पदवीच्या भौतिकशास्त्राला किंवा संख्याशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासाला कॅसिओचे ‘एफएक्स-82एमएस’ पुरते, परंतु प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहाच्या मंडलात रोध आणि रिअॅक्टन्स मिळून होणारी संबाधा (इम्पीडन्स) 3+4j अशा संमिश्र संख्येने मांडली जाते, आणि अशा संख्यांचा भागाकार करताना दर वेळी परिमाण (येथे 5) व कोन (सुमारे 53.13 अंश) वेगळे काढत बसणे वेळखाऊ असते. विद्युत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने म्हणूनच संमिश्र संख्या थेट हाताळणारे ‘एफएक्स-991’ मालिकेतील यंत्र घ्यावे. मॅट्रिक्स आणि समीकरणे सोडवण्याची सोय त्यात असतेच.

अपूर्णांक व वर्गमूळ पुस्तकातल्याप्रमाणे दाखवणारा पडदा टंकनातील चुका कमी करतो, हे निर्विवाद. मात्र √8 चे उत्तर 2√2 असे येते आणि प्रयोगवहीत दशांश हवे असल्यास आणखी एक कळ दाबावी लागते.

यंत्र कोणतेही असो, त्याचे संकेत ठाऊक असावे लागतात. कोनाचे एकक रेडियन असताना sin 30 चे उत्तर 0.5 ऐवजी उणे 0.988 येते. 2, 4, 6 या संख्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनच्या विखुरलेपणाचे माप, भाजक n घेतल्यास 1.633 आणि n−1 घेतल्यास 2 असते, व या दोहोंसाठी स्वतंत्र पर्याय असतात. 6÷2(1+2) या पदावलीला काही यंत्रे 9, तर काही 1 असे उत्तर देतात, कारण न लिहिलेल्या गुणाकाराला भागाकाराच्या आधी करावे की बरोबरीने, याविषयी उत्पादकांत एकमत नाही. हा प्रयोग दुकानातच करून पाहावा. उत्तर कोणतेही आले तरी यंत्र सदोष ठरत नाही, फक्त कंस कुठे घालावे लागतील ते कळते.